आईचं डोकं

रविवार, दुपार

प्रिय खटपट्या,

अकरा वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करावी हे कुणी शिकवत नाही. चार कागद फाडले. एकात 'तू कसा आहेस' असं लिहिलं होतं आणि माझं मलाच हसू आलं, कारण तू कसा आहेस ते मला बरंचसं माहीत आहे. काल तुझे बावन्न हजार गुण झाले. परवा सत्तेचाळीस हजार. मागच्या महिन्यात तीन दिवस शून्य होतं, तेव्हा मी रात्रीतून चार चार वेळा उठून आकडा बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी आकडा हलला आणि मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कारण विचारलं त्यांनी. मी म्हटलं, 'भावाची तब्येत सुधारली.' तुला काय झालं होतं, की नुसती वीज गेली होती, देव जाणे. मी आपली तब्येतीवर ढकलून मोकळी झाले.

मी अजून त्याच दुकानात आहे. त्याच खिडकीशी, त्याच भिंगाखाली कानयंत्रं उघडून बसते. फरक एवढाच की आता भिंगाखाली चष्माही लागतो. कानयंत्रं लहान लहान होत चालली आहेत आणि माझी बोटं जाड. पण अजून केसाएवढ्या तारेला सोल्डरचा डाख देता येतो, हात थरथरत नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याला हा हातच कारण आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक निवृत्त भौतिकशास्त्राचे मास्तर यायला लागले. दोन्ही कानांना यंत्र, आणि बोलायची हौस दांडगी. एकदा त्यांचं यंत्र दुरुस्त होईपर्यंत बसले होते, तर सांगू लागले की घरी त्यांचा कॉम्प्युटर रिकामा कधी नसतो. कुठल्या तरी शास्त्रज्ञांचं भलंमोठं गणित आहे, ते त्याचे बारीक बारीक तुकडे करतात आणि जगभरातल्या घरांतल्या कॉम्प्युटरांना वाटून देतात. प्रत्येकानं आपला तुकडा सोडवायचा आणि परत पाठवायचा. शरीरातल्या प्रथिनांच्या घड्या चुकल्या की माणूस कसा विसरायला लागतो, त्याचं ते गणित. मास्तर समजावून सांगत होते आणि माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. हे मला तू समजावलं होतंस. आपल्या मधल्या खोलीत, तीन उघड्या मशीनांच्या गरम वाऱ्यात उभा राहून, घाम पुसत. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, 'गणित सोडवतोयस ना, मग आधी आईचे कपडे बदल.'

मी मास्तरांना विचारलं, 'त्यात कोण कोण असतं ते दिसतं का?' ते म्हणाले, 'दिसतं की. टीमा असतात, याद्या असतात, कुणी किती काम केलं त्याचे गुण असतात.' तू तेव्हा ठेवलेलं टीमचं नाव मी त्यांच्याच फोनवर टाईप करायला लावलं. नाव ऐकून ते दोनदा माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटलं यंत्रात बिघाड आहे. 'आईचं डोकं?' 'हो मास्तर, आईचं डोकं.' आणि ती निघाली. टीम: आईचं डोकं. सदस्य: एक. नाव: खटपट्या. शेवटचं काम जमा केल्याची वेळ: चाळीस मिनिटांपूर्वी.

आठ वर्षं मला तू कुठल्या गावात आहेस हे माहीत नव्हतं. आहेस की नाहीस हेही नव्हतं. आणि त्या पडद्यावर लिहिलं होतं की चाळीस मिनिटांपूर्वी तू होतास.

मी मास्तरांचं यंत्र त्या दिवशी उलटं जोडलं. डावं उजव्याला. ते दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, 'बाई, तुमची ती टीम सापडल्यापासून मला बायकोचं बोलणं दुसऱ्या बाजूनं ऐकू येतंय.'

टीममध्ये शिरायचं तर कॉम्प्युटर हवा. माझ्याकडे कसला कॉम्प्युटर? तुझी मागे राहिलेली दोन मशीनं मी तू गेलास त्याच महिन्यात भंगारात दिली होती, तेही रागाने, वजनावर. मास्तर म्हणाले, या कामाला फार लागत नाही. पडदा लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, शोभेची पेटी लागत नाही. विचार करणारा भाग तेवढा लागतो, बाकी सगळा थाट. मग मी एका सुट्टीच्या दिवशी जुन्या सामानाच्या गल्लीत गेले. तिथे एक बाई आहेत, कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतात. ओट्यावर मदरबोर्ड मासळीसारखे ओळीनं मांडलेले आणि मधे त्या बसलेल्या, चष्मा कपाळावर. मी यादी वाचली. त्या म्हणाल्या, 'पेटी नको, पडदा नको, हार्ड डिस्कसुद्धा नको? मग उरलं काय, ताई?' मी म्हटलं, 'डोकं.' त्यांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग मन लावून शोधायला लागल्या. कुठल्याशा कचेरीतून निघालेला बोर्ड, त्यावर बसेल असा प्रोसेसर, मेमरीची एकच पट्टी, वीजपुरवठ्याचा एक डबा. डबा त्यांनी नाकाजवळ नेऊन हुंगला. जळका वास येत नाही म्हणजे चांगला, म्हणाल्या. हे तूही करायचास. मला वाटायचं, हे तुझं वेड आहे. ती रीतच आहे म्हणायची.

घरी आल्यावर मी भाजी चिरायची लाकडी फळी घेतली. बोर्ड थेट लाकडावर ठेवायचा नाही, खालून वारा खेळला पाहिजे, म्हणून संपलेल्या बॉलपेनच्या नळीचे तुकडे कापून स्क्रूखाली घातले. चालू करायला बटणच नव्हतं. दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं की झालं. टेकवलं. काही नाही. परत टेकवलं. काही नाही. दोन तास मी त्या फळीशी भांडले, तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मग लक्षात आलं की मेमरीची पट्टी पुरती बसलीच नव्हती. अंगठ्यानं दाबली, टक् वाजलं. पुन्हा पिना जोडल्या आणि पंखा फिरला. खटपट्या, काय सांगू! मी फळीसमोर जमिनीवर बसून टाळ्या वाजवल्या. एकोणपन्नास वर्षांची बाई, एकटी, स्वयंपाकघरात.

पुढचं मास्तरांनी केलं. एका दुपारी आपला पडदा घेऊन आले, सगळी व्यवस्था एका पेन ड्राइव्हवर बसवून दिली आणि दोन गोष्टी शिकवल्या. एक, वीज जाऊन आली की मशीन आपलं आपण चालू व्हावं. दुसरी, त्याला पूर्ण वेगानं पळवायचं नाही. थोडं हळू चालवलं तर काम जरासं कमी होतं, पण वीज आणि ताप बराच कमी. 'म्हाताऱ्या माणसासारखं वागवा त्याला,' म्हणाले. जाताना पडदा घेऊन गेले. तेव्हापासून ते माझ्याकडे असंच आहे, न बघणारं, न बोलणारं, खिडकीखाली फळीवर बसून विचार करणारं. टीममध्ये शिरताना नाव विचारलं तेव्हा मी 'ताई' लिहिलं.

तुझं एका दिवसाचं काम करायला माझ्या मशीनला एकोणीस दिवस लागतात. यादीत तुझ्या लांबलचक आकड्याखाली माझा आकडा बघितला की मोठ्या माणसाचं बोट धरून चाललेलं पोर आठवतं. पण टीमच्या पानावर 'सदस्य: दोन' झालं होतं. मी वाट बघितली. मास्तर म्हणाले होते, टीम ज्यानं काढली त्याला कुणालाही काढून टाकता येतं. पहिला आठवडा मी रोज दहा वेळा तपासायचे, 'ताई' आहे का अजून. होते. महिना झाला, होते. तू काही लिहिलं नाहीस, पण तू मला काढलंही नाहीस. तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली.

आकड्यांवरून माणूस वाचता येतो हे तुला खरं वाटणार नाही. मला येतं. उकाड्यात तुझे गुण दुपारी घसरतात, म्हणजे तुझी खोली पश्चिमेला असावी. दीड वर्षापूर्वी एकदम तिपटीने वाढले, म्हणजे नवीन काहीतरी घेतलंस, किंवा नोकरी बरी लागली. कधी कधी सबंध दिवस काही जमा होत नाही, तेव्हा मी ठरवते की आज मशीन उघडून साफ करतोय. कुणाबरोबर राहतोस, जेवतोस का वेळेवर, हे मात्र आकडा सांगत नाही. मी विचारते त्याला. तो फक्त वाढतो.

आणि मग गेल्या वर्षीचा उकाडा. माझ्या मशीनचे गुण रोज थोडे थोडे कमी व्हायला लागले. आधी निम्मे, मग पाव. एक दिवस हात लावून बघितलं तर प्रोसेसरवरचा पंखा अडकलेला. जीव वाचवायला बिचारं आपणच हळू हळू होत गेलं होतं, आणि मग थांबलं. मी गल्लीत गेले तर त्या बाई गावाला गेलेल्या, दुकानाला कुलूप. दुसरीकडे म्हणाले, एवढ्या जुन्या बोर्डाला बसणारा पंखा आता येत नाही. आठ दिवस माझा आकडा गोठलेला होता. नवव्या दिवशी पोस्टमन पार्सल घेऊन आला. आत पंखा. प्रोसेसरवर लावायच्या पांढऱ्या पेस्टची चिमुकली पुडी. चार स्क्रू, कागदात गुंडाळून. चिठ्ठी नाही. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

माझं मशीन कुठल्या जातीचं आहे ते तिथे सगळ्यांना दिसतं, हे मास्तरांनी मला नंतर सांगितलं. म्हणजे तू बघत होतास. आकडा घसरताना बघितलास, पंखाच गेला असणार हे ओळखलंस, आणि पत्ता तुला पाठ होता, कारण मी घर बदललंच नव्हतं. पंखा असा बसला की जणू मापं घेऊन केला होता.

खोक्यावर एका दुकानाचं लेबल होतं आणि फोन नंबर. दोन दिवस मी लेबलकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी फोन केला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, 'दाढीवाले ना? दर महिन्याला येतात. बोलतात कमी. हा पंखा मिळेना तर त्यांनी आमचं अख्खं गोदाम पालथं घातलं. मी म्हटलं, एवढं काय अडलंय? तर म्हणाले, ताईकडे उकाडा फार आहे.' मी फोन छातीशी दाबून धरला. त्याला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, 'नंबर देऊ का त्यांचा? लिहून घेता?' आणि मी म्हटलं, 'नको.'

का नको म्हटलं, ते आता लिहिते. तू ताई म्हणालास म्हणून. तू अजून मला ताई म्हणतोस ते एका खोट्यावर म्हणतोस, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मला ते खोटं तसंच ठेवायचा मोह झाला असता.

तो दिवस तुला आठवतो तसा मलाही आठवतो. तुझी नोकरी सुटली होती, आईला तू सांभाळायचास, मी दुकानात. दुपारी तुझा फोन आला, आई घरात नाही. मी आले तोवर तू शोधायला बाहेर पडला होतास. ती तीन तासांनी कालव्याच्या रस्त्याला सापडली, त्या थंडीत एका पातळ गाऊनवर. मग ताप, मग छाती भरली, मग बारा दिवस. त्या बारा दिवसांत तू एकच वाक्य बोलत होतास: 'ती माझ्या समोरून गेली असणार ताई, आणि मी मान वर करून बघितलं नाही.' तू पुढच्या दाराकडे तोंड करून बसला होतास. स्क्रूड्रायव्हर हातात, पंख्यांची घरघर. सगळं झाल्यावर मी तुझ्या तिन्ही मशीनांच्या पिना उपटल्या आणि म्हटलं, 'तुला आईचं डोकं कळलं, आई कळली नाही.' चार दिवसांनी तू एक मशीन काखेत मारून गेलास.

ती तुझ्या समोरून गेली नव्हती, खटपट्या. ती मागच्या दारानं गेली. मागच्या दाराची वरची कडी आईला काढता यायची नाही, म्हणून ती रोज लावून ठेवावी लागायची, आणि ते काम माझं होतं. त्या सकाळी मला उशीर झाला होता. केराची बादली बाहेर ठेवून आत आले, दार लोटलं आणि पळाले. कडी राहिली. दुकानातून आल्यावर, तू बाहेर असताना, मी स्वयंपाकघरात गेले तर दार लोटलेलं होतं. आई सगळं विसरली, मला नर्सबाई म्हणायला लागली, पण बाहेर पडताना दार ओढून घ्यायला विसरली नव्हती. आणि वरची कडी खाली होती. मी हात वर केला आणि ती लावून टाकली. आधी ती लावली, मग आईला शोधायला गेले. एवढंच केलं मी. दोन सेकंदांचं काम. तू परत आलास तेव्हा मागचं दार बंद होतं, म्हणून तुझ्यासाठी एकच रस्ता उरला.

बोलायचं मी रोज ठरवत होते. पण आईला तूच आठवायचास ना. मी तिला भरवायचे, आणि ती विचारायची, 'माझा खटपट्या कुठे आहे?' तिला न्हाऊ घालायचे मी, आणि हाक तुला. ते मला सोसत नव्हतं. तुझ्यावर दोष आला तेव्हा मला, लिहायला हात जड होतो, बरं वाटलं. थोडेच दिवस. मग तू गेलास, आणि बरं वाटायला घरात कुणी उरलंच नाही. माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायचं तर समोर उभं राहून मागायचं असतं. आता तुला कळलं आहे. यादीतून मला काढलंस तरी तुझा हक्क आहे तो. पण रात्री झोपताना एवढं लक्षात ठेव की आई तुझ्या समोरून गेली नाही. गेली असती तर तू बघितलं असतंस. तू तिला कायम बघायचास.

हे मी अजून दहा वर्षं लिहिलं नसतं, इतकी भित्री आहे. आज लिहिते आहे, कारण पुढच्या बुधवारी सकाळी मी माझं मशीन बंद करणार आहे आणि बराच काळ माझा आकडा हलणार नाही. तू घाबरशील, किंवा पुन्हा कुणाचं तरी गोदाम पालथं घालशील, म्हणून आधीच सांगते: मशीन ठणठणीत आहे. बिघडली आहे ती ताई. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, रोजचंच काम आहे त्यांचं. मीही लोकांना कानयंत्र उघडताना हेच सांगते, त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला माहीत आहे. काल दवाखान्यात फॉर्म भरला. तिथल्या मुलीनं विचारलं, 'जवळचं कोण आहे तुमचं?' मी म्हटलं, 'भाऊ.' 'भेट होते का?' मी म्हटलं, 'रोज दिसतो.' तिनं तुझं खरं नाव लिहून घेतलं आणि फोन विचारला. तो माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र त्या भल्या दुकानदाराच्या पत्त्यावर पाठवते आहे, पोचताच तुला बोलावून दे, असं त्याला फोनवर सांगितलं आहे. दवाखान्याचा पत्ता वेगळ्या कागदावर आत ठेवला आहे. ऑपरेशन गुरुवारी सकाळी नऊला. पार्सल पाठवू नकोस या वेळी. फॉर्मवर नातेवाईकाच्या सहीची जागा आहे. मास्तर सही करायला तयार होते, मी त्यांना थांबवलं. ती जागा बुधवार संध्याकाळपर्यंत रिकामी ठेवते आहे.

तू ठेवशील तोवर तुझीच,
ताई